वरचा सूर

नातीने मोबाइलवर ऐंशीच्या दशकातल्या एका इंग्रजी पॉप बँडचा हल्लीचा कार्यक्रम लावला. त्यांचं पहिलंवहिलं गाजलेलं गाणं चाललं होतं. कॉलेजात मी ते बचकभर काजळ घालून, केस फुगवून गायचे. शब्द निम्मे चुकीचे, ऐट मात्र पूर्ण! म्हातारपण इतरांना येतं, अशी माझी खात्रीच होती.

वरच्या सुराशी येताच टकल्या गायकाने माईक लोकांपुढे धरला.

"आजी, आवाज गेला गं याचा!"

गेलाच होता. माझाही गेलाय, म्हणून तर वर्षभर भजनी मंडळाला गुडघेदुखीची थाप मारतेय. तो मात्र डोळे मिटून लोकांचं गाणं ऐकत होता. आपला सूर दुसऱ्यांच्या गळ्यातून ऐकायलाही धीर लागतो.

"गुरुवारी मंडळात सोडशील मला?" मी नातीला विचारलं. "टाळ धरेन. वरचं बाकीच्या गातील."