फिरकीचा तांब्या
चिंचेनं घासलेल्या पितळेचा वास आला की माझा खांदा दुखतो. कॉलेजात असताना आम्ही दोघे मित्र लोणावळ्याहून राजमाचीला चालत निघालो. तांदूळ, पातेलं, वळकट्या वाटून घेतल्या. पाण्यानं भरलेला, फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या मात्र त्याच्या एकट्याच्याच खांद्यावर. "आण, थोडा वेळ मी घेतो." "नको रे, आईनं सोवळ्यात भरलाय." माझ्या जातीचा हात लागलेलं पाणी त्याला चालत नव्हतं. करपलेल्या गवतातल्या शेवटच्या चढणीवर तो मटकन बसला आणि त्यानं तांब्या माझ्या खांद्यावर दिला. वर पोचल्यावर त्यानं तो मागून घेतला, घटाघटा प्यायला आणि म्हणाला, "घरी बोलू नकोस." मी कधीच बोललो नाही. आता त्याची आई नाही, तोही नाही. मीही थकलो, तेवढं ओझं आज खाली ठेवतो.