सॅटेलाइटकडची मंडळी

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. उसाच्या बांधावरून चालून आलं की पायजम्याला कुसळं चिकटलेली असतात, तसे तेही घरी येतात. मी ते वेचून डायरीत ठेवतो, इतकंच.

आमचं मंडळ तिघांचं. मी बारामती एमआयडीसीत नोकरीला, सलीमभाईंचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आणि तात्या लासुर्ण्याचे ऊसवाले. सलीमभाईंनी हातात मावेल असं एक जीपीएस यंत्र आणलं आणि आमच्या रविवारांची वाट लागली!

*

यंत्र पहिल्यांदा सुरू केलं ते माझ्या घरी, पंख्याखाली बसून. पडद्यावर बराच वेळ 'उपग्रह शोधत आहे' एवढंच. सलीमभाई म्हणाले, "पीस खराब दिसतोय. खोलून बघू का?"

तेवढ्यात बायको फडकं घेऊन आली. "फरशी पुसायचीय. तिघंही गच्चीवर व्हा!"

गच्चीवर पाय ठेवला आणि उपग्रह धडाधड सापडले. यंत्राला उघडं आभाळ लागतं, हे माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर होतं. मी दुसऱ्या पानापासून अधोरेखित केलं होतं.

आता माझा चष्मा सापडत नसला, की ही म्हणते, "गच्चीवर जाऊन बघा!"

*

तात्यांना खेळ समजावून सांगितला. कुणीतरी कुठंतरी डबा लपवतो आणि त्या जागेचे आकडे इंटरनेटवर टाकतो. आपण ते यंत्रात भरायचे, बाण दाखवेल तिकडं जायचं, डबा शोधायचा. आतल्या वहीत सही करायची. डब्यातली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची.

तात्या दगडानं सुपारी फोडत ऐकत होते. त्यांच्याकडे अडकित्ता नाही. वडलांचा होता, तो वाटणीत थोरल्या भावाकडे, आबांकडे गेला. त्याच वाटणीत बांधावरून भांडण झालं आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. नवा अडकित्ता घ्यायला तात्या तयार नाहीत. "घिन तर त्योच घिन," म्हणतात.

सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "म्हंजी पेट्रोल जाळून जायाचं, सही करायची, आन डबा हाय तितंच ठिवून यायचं?"

"होय."

"मग हे सरकारी कामच हाय की!"

*

पहिल्या शोधाला निघालो. आकडे मी भरले होते, दोनदा तपासून. बाणाच्या मागं मागं भवानीनगरच्या पुढं गेलो, तर बाण थेट एका लग्नाच्या मांडवात शिरला! अंशांपुढच्या दशांशाचे आकडे मी मिनिटांच्या रकान्यात भरले होते. डबा राहिला कुठल्या कुठं.

पण परत फिरायच्या आत कुणीतरी आम्हाला पंगतीत बसवलंही. वाढणाऱ्यानं जिलेबी ठेवत विचारलं, "पाव्हणं, मुलाकडचं का मुलीकडचं?"

सलीमभाई म्हणाले, "सॅटेलाइटकडचे!"

त्यानं आणखी दोन जिलेब्या वाढल्या. मोठं घराणं वाटलं असावं.

*

आमच्या भागात कुणी हातात यंत्र धरून शेतात फिरताना दिसला, की त्याचा अर्थ एकच: मोजणी! एकदा एका वडाभोवती आम्ही घिरट्या घालत होतो, तर वस्तीवर बातमी पसरली, की नवा रस्ता निघाला. माणसं जमली. आम्ही डब्याचं सांगून पाहिलं, पण कुणाला पटेना.

एक आजी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सायेब, माझ्या गोठ्याला हात लावू नगा. लागलंच तर सुनंच्या खोलीवरनं न्या!"

*

मग आपणही एक डबा लपवावा असं ठरलं. तात्यांनी जागा सुचवली, त्यांच्या बांधावरची चिंच. नेमका भांडणातला बांध! जमीनमालकाची परवानगी घ्यायची असा खेळाचा नियम, आणि चिंच दोघांची.

आम्ही पोचतोय तोवर आबा काठी घेऊन हजर. भावाकडे न बघता सलीमभाईंना म्हणाले, "इचारा त्यांला, मोजणी आणली व्हय?"

तात्याही सलीमभाईंनाच म्हणाले, "सांगा त्यांला, खेळ हाय."

दोघांमध्ये अंतर चार पावलांचं, आणि मध्ये सलीमभाई टेलिफोन एक्स्चेंज!

मी आबांना यंत्र दाखवलं. डब्याचं, वस्तू घ्यायच्या-ठेवायच्या नियमाचं सांगितलं. मग प्रामाणिकपणे म्हणालो, "आबा, यानं मोजणी होत नाही. हे तीन-चार मीटर इकडंतिकडं दाखवतं."

आबांनी मनाशी हिशेब केला. "म्हंजी धा-बारा फूट?"

"होय."

"आमचं भांडाण दोन फुटाचं, आन तुमची मशीन बारा फूट चुकती?" आबा काठीवर रेलून हसायला लागले. तात्यांनी तोंड फिरवलं, पण खांदे त्यांचेही हलत होते. आबा जाता जाता म्हणाले, "ठिवा डबा. पर ढोलीत ठिवा, पान्यानं भिजंल."

*

काही आठवड्यांनी आम्ही डबा बघायला गेलो. वहीत एकही सही नव्हती. मी ठेवलेली किल्ल्यांची साखळी गेली होती. तिच्या जागी, फडक्यात गुंडाळलेला, पितळी मुठीचा जुना अडकित्ता.

तात्या बराच वेळ तो नुसता उघडमीट करत राहिले. मग त्यांनी तो खिशात टाकला.

मी हळूच म्हणालो, "तात्या, नियम आहे. घेतलं तर ठेवावं लागतं."

त्यांनी दुसऱ्या खिशातून एक सुपारी काढली आणि डब्यात ठेवली.

सलीमभाई म्हणाले, "अहो, अख्खीच? आबा ती फोडणार कशानं?"

तात्या झाकण लावत म्हणाले, "मग? माझं घर ठावं हाय की त्यांला!"