उरलेला अर्धा हिरा

त्या हिऱ्याचा इतिहास लोकांना तोंडपाठ आहे. कुठल्या राजाने कुणाचा गळा कापून तो मिळवला, कुठल्या राणीने तो मुकुटात बसवला, सगळं. राणीला त्याची चमक कमी वाटली म्हणून माझ्या बाबांनी तो दोन महिने चाकावर घासला, हे मात्र कुणाच्या गावीही नाही. अंड्याएवढा आलेला हिरा अर्धा होऊन परत गेला. उरलेल्या अर्ध्याची पूड झाली. हिरा हिऱ्यानेच घासला जातो, म्हणून बाबा ती पूड तेलकट बोटाने टिपून पुन्हा चाकाला लावायचे. ती त्यांच्या बोटांत कायमची मुरली. चष्मा पुसला की चरे, पेला धरला की चरे.

"कशाला हात लावू नका!" आई करवादायची.

शेवटच्या आजारात ते खाटेवर पडून खिडकीच्या काचेवर बोट फिरवत राहायचे. ते गेल्यावर मी ती ओरखडलेली काच काढून नवी बसवली.

आज सकाळी नव्या काचेवर, खाटेवरून हात पोचेल तेवढ्याच उंचीवर, ताजे चरे दिसले. मी काचवाल्याला बोलवायला निघाले.

"राहू दे गं," आई म्हणाली. "आता नाही मी ओरडणार त्यांना."