मास्तरांचा चौथा भाग

“जिल्हा झालाय आता!” हे मास्तरांचं पालुपद. चहा कोमट आला, एस.टी. उशिरा आली, कुणी रस्त्यात थुंकलं, की ते म्हणायचे, “जिल्हा झालाय आता, जरा बराबर वागा.” हिंगोली परभणीतून वेगळी झाली तेव्हा आम्हा सगळ्यांना कलेक्टर कचेरीचं कौतुक होतं. मास्तरांच्या डोक्यात वेगळंच होतं. जिल्ह्याला स्वतःची सिंफनी पाहिजे.

तुम्ही हसाल. आम्हीही हसलो. हसण्यात मी सगळ्यांच्या पुढे होतो, म्हणूनच बहुधा त्यांनी पहिलं मलाच पकडलं.

मास्तर पोलीस बँडात क्लॅरिनेट वाजवून निवृत्त झालेले. मी पोस्टात तिकिटं विकायचो. खिडकीतून आत वाकून त्यांनी मला आपलं दुखणं सांगितलं. “सारी नोकरी वाजवलं, पन एक चीज पुरी वाजवली न्हाई. साहेब गाडीतून उतरले की सुरू, खुर्चीत बसले की बंद. एकदा तरी सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाजवायचंय. चारी भाग!”

चार भाग म्हणजे एका जर्मन संगीतकाराची सिंफनी. त्या माणसाला पुढे ऐकू येईनासं झालं होतं, म्हणून मास्तर त्याला मोठ्या आदराने ‘बहिरेबुवा’ म्हणत. कॅसेट ऐकून ऐकून त्यांनी ती सगळी सारेगममध्ये उतरवली होती.

वाद्यवृंद असा जमला: आखाडा बाळापूर गावचा लग्नातला बँड, शाळेतले एक हार्मोनियमवाले गुरुजी आणि व्हायोलिनला मी. माझ्या व्हायोलिनबद्दल एवढंच सांगतो की मी सराव सुरू केला की बायको शेजारी हळदीकुंकवाला जायची. हळदीकुंकू नसलं तरी जायची. पहिल्या तालमीनंतर मास्तरांनी माझ्या वाट्याचे सगळे सूर काढून घेतले आणि एकच ठेवला. “तुमी हा एकच लावा, पन इमानदारीनं.” मी तो प्रत्येक तालमीत वेगळ्या ठिकाणी लावला. मास्तर डोळे मिटून ऐकायचे. “येईल. तकलीफ होईल, पन येईल.” तकलीफ कुणाला, हे मी विचारलं नाही.

पाहुण्या कलाकार म्हणून पुण्याच्या एक व्हायोलिनवादक बाई आल्या, माझ्या मेहुण्याच्या ओळखीने. तालमीत माझा सूर ऐकून त्यांनी विचारलं, “कुणाकडे शिकलात?” मी नाव सांगितलं नाही. त्या बिचाऱ्या माणसाने माझं काय वाईट केलं होतं?

कार्यक्रमाला मंगल कार्यालय सकाळपुरतं मोकळं मिळालं. दुपारी तिथे लग्न होतं. पहिला भाग बरा गेला. दुसरा संथ होता. बाईंचं व्हायोलिन असं काही लागलं की मागच्या रांगेतल्या सुपाऱ्या कातरायच्या थांबल्या.

नेमके त्याच वेळी प्रमुख पाहुणे आले. पुढारी होते, दारातच कुणीतरी त्यांना फेटा बांधला. लग्नाच्या बँडला दारात फेटा दिसला की पुढचं सांगावं लागत नाही. ट्रम्पेटवाल्याने स्वागताची धून सुरू केली, मागून ढोल आला, पाठोपाठ सगळा बँड. मीसुद्धा. खरं सांगतो, सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून मी तेवढाच एकदा वाजलो.

मास्तरांचे हात हळूच खाली आले. पुढारी खुर्चीत बसले, धून थांबली. मला मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघवेना. निवृत्त झाल्यावरही साहेबांनी गाठलंच होतं त्यांना. वाटलं, आता हे उठून घरी जाणार. पण त्यांनी घाम पुसला, हात वर केले आणि म्हणाले, “दुसरा भाग. पुन्हा पहिल्यापासून.”

यात वेळ गेला. तिसरा भाग संपतोय तोच कार्यालयाचे व्यवस्थापक स्टेजवर चढले. “मास्तर, हॉल सोडा. वरात कोपऱ्यावर येऊन राहिली.”

“चौथा राहिलाय हो!”

तेवढ्यात ट्रम्पेटवाला मान खाली घालून म्हणाला, “मास्तर, ती वरात बी आमालाच वाजवायची हाय. सुपारी घेतलीय.”

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता एक हाणतात.

“मंग काहून थांबले? चला!”

कोपऱ्यावर नवरदेव घोड्यावर ताटकळत होता. वरबापाने विचारलं, “काय वाजवून राहिले आज?”

“नवी चीज हाय. जर्मनीची.”

“पोरं नाचतील का?”

“न्हाई नाचली तर मी नाचतो.”

चौथा भाग भर रस्त्यात सुरू झाला. पोरं नाचली. पोरांचं काय, ती जनरेटरच्या आवाजावरही नाचतात. बाई व्हायोलिन वाजवत घोड्याच्या बाजूने चालत होत्या. मास्तर बँडकडे तोंड करून हात चालवत होते, म्हणजे उलटे चालत होते, आणि रस्त्याच्या कडेला उघडं गटार. ते माझ्यावर ओरडले, “ते व्हायोलिन ठिवा अन् मला धरा!” मी व्हायोलिन हार्मोनियमवाल्या गुरुजींच्या काखेत दिलं आणि मास्तरांचा शर्ट मागून मुठीत घट्ट धरला. खड्डा आला की डावीकडे, म्हैस आली की उजवीकडे. माझ्या संगीतातल्या कारकिर्दीत एवढं बिनचूक काम मी दुसरं केलेलं नाही.

कार्यालयाचं दार आलं तरी चीज संपेना. नवरदेव दारात आला की बँड थांबतो, हा रिवाज. नवरीची आई आरतीचं ताट घेऊन उभीच होती. ट्रम्पेट अडखळला. मास्तरांचा शर्ट माझ्या मुठीत ताणला गेला. हात खाली न घेता त्यांनी मान वळवली आणि काकुळतीने म्हणाले, “माय, थोडंच राहिलंय. संपवू का?”

त्या बाईने ताट या हातातून त्या हातात घेतलं. “वाजवा की. नवरदेव काय पळून चालला का?”

चीज पुरी झाली. मास्तरांचे हात तसेच हवेत राहिले. ते रडत होते, आणि मागे मीही रडत होतो.

मास्तर जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला त्यांची फार आठवण येते. व्हायोलिन मी कधीच देऊन टाकलं, त्याबद्दल आळीत कुणी हळहळल्याचं ऐकलं नाही. सिंफनी मात्र अधूनमधून लावतो. परवा चौथा भाग चालू असताना बायको चहा घेऊन आली आणि माझ्या हाताकडे बघत राहिली.

“मुठीत काय धरून राहिले एवढं?”

“मास्तर हायेत,” मी म्हणालो. “मागं गटार हाय.”