दिलीप शुअर होता

कोठीच्या मागच्या दाराची कडी धरत नाही, हे मी ती सगळी लग्नसराई घसा कोरडा करून सांगत होते आणि माझं एकानेही खरं मानलं नाही. एकानेही नाही! पोळ्या लाटणाऱ्या बाईला कडीतलं काय कळतं, असे चेहरे करून माणसं निघून जायची.

मंगल कार्यालयात किस्से खरकट्यासारखे साठतात. आज सगळं धुऊन टाका, उद्या तेवढंच पुन्हा. सगळे सांगत बसले तर तुमची जेवणाची वेळ टळेल. म्हणून आज एका शब्दाचेच सांगते. शब्द इंग्रजी आहे. शुअर.

हा शब्द पनवेलच्या आमच्या कार्यालयात दिलीपने आणला. दिलीप म्हणजे मालक अण्णांचा पुतण्या. अण्णांचे गुडघे चांगले होते तोवर ते स्वतः हात मागे बांधून सगळीकडे फिरायचे, टाकीत डोकावायचे, भाजीत बोट घालायचे. गुडघे गेले तसे ते गल्ल्यामागच्या खुर्चीत बसले आणि फिरायला दिलीपला ठेवलं. दिलीप फिरायचा नाही. मुंबईला कुठल्याशा हॉटेलच्या काउंटरवर उभा राहून आला होता. घडीचा मोबाइल टपकन उघडायचा, टपकन मिटायचा आणि विचाराल त्याला म्हणायचा, "शुअर."

आता कोठीचं सांगते, म्हणजे माझा जीव कुठे अडकला होता ते कळेल. तूप, साखर, गूळ ठेवायची ती खोली. तिला दोन दारं. एक स्वयंपाकघरात उघडायचं, त्याला कुलूप आणि किल्ली माझ्या कमरेला. दुसरं मागच्या अंगणात, त्याला आतून कडी. ती कडी वरवर लागलेली दिसायची, पण बाहेरून कुणी जोर दिला की निसटायची. दार परत आपोआप मिटायचं, तिरकं बसवलं होतं ना, आणि मिटताना कडी पुन्हा जागेवर अडकायची. त्या लग्नसराईत कोठीतला गूळ कमी व्हायला लागला. साखरेच्या पोत्याला भोक. तोंडावर मला कुणी चोर म्हणालं नाही, पण अण्णा अधूनमधून विचारायचे, "सुमनबाई, किल्ली तुमच्याकडेच असते ना?"

कळलं मला ते. नवऱ्यामागे त्या किल्लीवर मी उभी होते. ती कमरेची निघाली असती तर पनवेलात दुसऱ्या कुठल्या कार्यालयाने मला दारात उभं केलं नसतं.

मी दिलीपला म्हटलं, "अरे, मागचं दार बघ. कडी धरत नाही."

"बंद आहे मावशी. शुअर."

खुर्चीतून उठला नाही.

*

शब्द नवा होता तेव्हाची गोष्ट. श्रीखंड-पुरीची पंगत. मी सकाळीच विचारलं, "टाकी भरली का रे?"

"शुअर."

पहिली पंगत उठली. सगळे हात धुवायला मोरीवर. नळ उघडला, नळाने नुसता सुस्कारा सोडला. कोपरापर्यंत श्रीखंड लागलेली माणसं हात वर धरून रांगेत उभी, जणू पोलिसांनी पकडलंय. नवरीचा मामा तापट होता. त्याने थंड पेयाच्या बाटल्या फोडायला लावल्या आणि सगळ्या वऱ्हाडाचे हात संत्र्याच्या सोड्याने धुतले. दिवसभर माणसं एकमेकांना चिकटत होती.

मी दिलीपला विचारलं, "टाकीत बघितलं होतंस?"

तो म्हणाला, "बघायचं काय त्यात? मी शुअर होतो ना."

*

कासमभाई आमचे मंडपवाले. मंडप, लायटिंग आणि नवरदेवाचा घोडा, तिन्ही त्यांचीच. भला माणूस. काही विचारलं की म्हणायचे, "इन्शाअल्ला." दिलीपला त्याचा राग. म्हणायचा, "कासमभाई, हो की नाही ते सांगा. इन्शाअल्ला म्हणजे काय? शुअर बोला."

कासमभाई हसायचे. "भाई, सुबह आठला मंडप उभा मिळेल, इन्शाअल्ला."

आठच्या आधी मंडप उभा असायचा. दिलीप दहाला यायचा, शुअर.

घोड्याचं मात्र कासमभाईंना काही बोलता यायचं नाही. पांढरा, देखणा, अंगभर आरशांची झूल, नाव बादशाह. पण हावरट! एकदा नवरदेव फोटोसाठी खाली वाकला, तर त्याच्या मुंडावळ्या ओढून चावून गिळल्या. नवरदेव उघड्या कपाळाने बोहल्यावर. कासमभाई म्हणाले, "ताई, जनावर आहे, खायचं दिसलं की भान राहत नाही. गुळाच्या खड्यावर तर हा पार उरणला मोऱ्याच्या धक्क्यापर्यंत चालत जाईल."

*

एका मुहूर्ताला दिलीपने दोन लग्नं घेतली. खालचा हॉल दोघांना, शुअर. दोन्ही वऱ्हाडं एकदमच आली. एक गावाकडचं आगरी वऱ्हाड होतं. त्यातली आजी, नऊवारी, कपाळभर कुंकू, दिलीपसमोर जाऊन उभी राहिली.

"आमचा हाल शुअर हाय ना रं पोरा?"

"शुअर, आजी. एकदम शुअर."

आजीने त्याचा हात धरून त्याला दारापर्यंत नेलं आणि बाहेर बोट दाखवलं.

"मंग तो घोऱ्यावर बसलाय तो कोनचा नवरा? आमचा तं माज्या मागं उबा हाय."

*

स्वयंपाकघरात माझा एकच नियम होता. वऱ्हाडाची बस डोळ्यांनी दिसल्याशिवाय भात टाकायचा नाही. कासमभाईंचा माणूस मंडपावर चढलेला असायचाच, तो नाक्यावर बस बघून हाक मारायचा, मग मी तांदूळ वैरायचे. वऱ्हाडी पानावर बसले की भात वाफाळता.

दिलीपला हे गावंढळ वाटायचं. एकदा मोबाइल मिटत आला. "मावशी, भात टाका. बस गव्हाण फाट्याला पोचली, शुअर."

"कुणी बघितली?"

"मी फोनवर बोललो."

"कुणाशी?"

"मुलाकडच्यांशी."

"ते बसमध्ये आहेत का?"

"ते पुढे आलेत. आपल्या हॉलमध्येच आहेत."

म्हणजे आमच्याच हॉलमधल्या खुर्चीतला माणूस आमच्याच ऑफिसातल्या खुर्चीतल्या माणसाला फोनवर सांगत होता की बस कुठे आहे! मी नाही म्हटलं. तो अण्णांकडे गेला, अण्णांनी मला टाकायला लावला. बस कंटेनरच्या ट्रेलरांमागे उरणच्या रस्त्यावर अडकली होती. वऱ्हाड आलं तेव्हा भाताची वडी पडत होती. वाढप्याने उलथन्याने चौकोन कापून वाढला. नवऱ्याचे काका म्हणाले, "हे गोड समजून खायचं का तिखट?"

मी दिलीपकडे बोट केलं. म्हटलं, "ह्यांना विचारा, हे शुअर आहेत."

*

मी चौथीपर्यंत शिकले. पण शब्द कानाला लागला की तो काय आहे हे कळल्याशिवाय मला झोप नाही. सुनेला विचारलं. ती नवीन पनवेलला एका ऑफिसात आहे, इंग्रजी नीट येतं तिला.

"शुअर म्हणजे काय गं?"

"खात्री असलेला."

"म्हणजे गोष्ट खरी असते?"

"नाही आई. गोष्ट खरी असो नाहीतर खोटी. शुअर असतो तो माणूस. त्याला स्वतःला खात्री वाटते, एवढंच."

मी लाटणं खाली ठेवलं. एवढे दिवस मला वाटत होतं, दिलीप टाकीबद्दल सांगतोय, बसबद्दल सांगतोय, दाराबद्दल सांगतोय. तो तर फक्त दिलीपबद्दल सांगत होता!

तेव्हापासून मी कान लावून ऐकायला लागले. तुम्हीही ऐका. जो जाऊन बघून येतो, तो कधी शुअर म्हणत नाही. तो म्हणतो, "आहे." किंवा म्हणतो, "नाही." टाकीत पाणी आहे. बस आली नाही. शुअर म्हणतो तो बसल्या जागेवरून. माझ्याबरोबर पोळ्या लाटणारी नलूसुद्धा शिकली ते. "आमटीत मीठ घातलंस?" तर म्हणे, "शुअर." मी पळी तिच्या तोंडाशी धरली. तिने चव घेतली आणि गपचूप मिठाचा डबा उघडला.

*

आता शेवटचा.

नवीन पनवेलचं नोकरदार घर, मुलीचं लग्न. नवरीची आत्या बँकेत, बोलायला कडक, रुखवत सगळं तिने स्वतःच्या हाताने केलेलं. बुंदीचे नारळाएवढे लाडू, अनारसे, चांदीचा वर्ख लावलेली गुळाची ढेप आणि मधोमध साखरेचं तुळशीवृंदावन, गुलाबी कळसाचं. सकाळी हॉल धुतलेला, ओला. आत्याने विचारलं, हे ठेवायचं कुठे? दिलीप म्हणाला, "कोठीत. एकदम सेफ. शुअर."

गूळ जायला लागल्यापासून मी त्या मागच्या दाराला तांदळाचं पोतं लावून ठेवायचे. रुखवताचं टेबल बसेना म्हणून दिलीपने ते पोतं उचलवून बाजूला टाकलं. मी म्हटलं, "अरे, कडी धरत नाही."

"मावशी, आता किती वेळा? बंद आहे ना!"

नवरदेव घोड्यावरून वाजतगाजत आला, उतरला. मंगलाष्टकं सुरू झाली. सगळं कार्यालय अक्षता टाकायला हॉलमध्ये. ती संपल्यावर रुखवत मांडायला आत्या माझ्याबरोबर आली. मी माझ्या हाताने कुलूप काढलं.

लाडू अर्धे. अनारशांचं ताट जमिनीवर. गुळाची ढेप जागेवर नाही, नुसता वर्ख टेबलाला चिकटलेला. आणि तुळशीवृंदावनाचा कळस असा गुळगुळीत, जसा तो कधी नव्हताच.

आत्या ओरडली नाही. हळू म्हणाली, "कुणी केलं? मला नाव पाहिजे."

अण्णा काठी टेकत आले. दिलीप आला, त्याने दारातूनच आत नजर टाकली. मागचं दार मिटलेलं, कडी लागलेली.

"मागचं दार बंद आहे. पुढची किल्ली मावशीकडे. काका, आय ॲम शुअर."

नलू खाली बघायला लागली. अण्णांनी माझ्यापुढे हात केला, किल्लीसाठी. एवढ्या वर्षांचा ओळखीचा माणूस, पण हात केला.

मी कमरेची किल्ली सोडली. मुठीत धरली.

"देते अण्णा. पण आधी ह्याला सांगा, पलीकडे जाऊन ते दार ढकलून बघ. स्वतःच्या पायांनी. कार्यालयात आल्यापासून एकदा तरी काहीतरी बघून ये म्हणावं."

"त्यात काय बघायचंय?" दिलीप म्हणाला.

"जा," आत्या म्हणाली.

तो अंगणातून वळसा घालून गेला. आम्ही आत उभे. बाहेरून दाराला एक हलका धक्का बसला, कडी निसटली आणि दार उघडलं. उंबऱ्यात दिलीप उभा. त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर ओल्या गुलाबी साखरेचा लांब पट्टा उठला होता.

"कोण आहे तिथे?" अण्णांनी विचारलं. "दिलीप, नाव सांग."

दिलीपने एकदा मागे वळून बघितलं. मग माझ्या मुठीकडे. आणि त्या लग्नसराईत पहिल्यांदा त्याच्या तोंडून शुअर निघालं नाही.

"काका," तो म्हणाला, "मागे आहे. बादशाह."