दाबून बघायचं नाही म्हणे!

मटण विकायला ठेवायचं आणि गिऱ्हाइकाने हात लावायचा नाही म्हणे! मग काय, ओवाळायचं त्याला? रत्नागिरीतल्या त्या नव्या गारेगार दुकानाचा विषय निघाला की अजून माझं डोकं फिरतं.

आमच्या वाडीत चार-पाच घरं मिळून बोकड घेतात आणि त्याचे वाटे घालतात. बोकड निवडायला माझ्या वडिलांशिवाय कोणी जात नसे. खाटकाकडे गेले तरी बाबा आधी शेपटी बघणार, म्हणजे बोकड सांगून मेंढी गळ्यात मारली जात नाही. मग चरबी पांढरी की पिवळी, आणि शेवटी अंगठ्याने दाबणार. दाबलेलं लगेच वर आलं तर ताजं. खड्डा राहिला तर पुढचं दुकान. या एका कामात त्यांचा शब्द शेवटचा, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान!

गेल्या वर्षी भाऊ बोटीवरून सुट्टीवर आला, तेव्हा बाबांचे गुडघे धरले होते. बाजारातल्या ओल्या फरशीवर घसरतील म्हणून मीच त्यांना त्या दुकानात नेलं. तिथे सगळं कापून ताटलीत, वर ताणलेलं प्लॅस्टिक. शेपटी नाही, वास नाही. वरून लाल दिवा सोडलेला, त्यात कालचं काय नि परवाचं काय, सगळंच लालबुंद! बाबांनी सवयीने अंगठा दाबला, तर गणवेशातली मुलगी धावत आली. "आजोबा, दाबू नका! तारीख छापलीय, वाचता येत नाही का?"

सत्तरी ओलांडलेल्या माणसाशी ही बोलायची रीत? मी तिला चांगलंच फैलावर घेतलं. बाबा मात्र पाकिटाकडेच बघत होते. हळूच म्हणाले, "नको गो बाय. शिळं आहे हे. खड्डा भरत नाहीये."

आणि मी शहाणीने काय करावं? तारीख वाचली आणि चारचौघांत म्हणाले, "कालचंच आहे, बाबा. छापलेल्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं का? चला आता."

घरी पाकीट फोडल्यावर वास आला, तरी माझा हट्ट. तीनदा धुतलं, भाजल्या खोबऱ्याचं वाटप दुप्पट घातलं. भावाने पहिला घास तोंडाजवळ नेला आणि ताट बाजूला सारलं. मी दुकानाच्या नावाने शंख करायला लागले.

"ओरडू नको," बाबा म्हणाले. "रिक्षा मिळेपर्यंत पिशवी माझ्या हातात होती, उन्हात. मीच सावलीत उभं राहायला हवं होतं."

छापलेलं खोटं असेल हे त्यांच्या मनातच येईना. मला इतकी लाज वाटली की मी आणखीच मोठ्याने दुकानाला शिव्या घातल्या.

महिन्याभराने वाडीतली माणसं त्यांना बोकड बघायला बोलवायला आली. बाबा दारात उभे राहून म्हणाले, "मला नाही रे समजत आता त्यातलं. दुसऱ्या कोणाला तरी न्या."

मी आतून ओरडले, "बाबा, त्या दिवशी तुमचंच बरोबर होतं!"

"असू दे गो," ते म्हणाले, आणि दार लावून घेतलं.