भोईरांच्या सुदेशचं मिग

मंदाकिनीकाकूंची फजिती आधी ऐका, त्या स्वतःच ती हसून हसून डोळे पुसत सांगतात. डोंबिवलीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली म्हणून काकू ठाकुर्लीत भोईरांच्या दुसऱ्या मजल्यावर भाड्याने आल्या, आणि आल्या आल्या त्यांनी घरमालकाच्या मुलाला गुंड ठरवून टाकलं. ठरवणार नाहीत तर काय! सुदेश म्हणजे दार भरून टाकणारा गडी, गळ्यात बोटभर जाड चेन. तळमजल्याच्या खोलीत दार लावून बसायचा. आतून घुर्रर आवाज, थिनरचा वास. एकदा बाहेर आला तर तोंडाला मास्क, हातात मोजे आणि मोज्यांवर लाल डाग! काकूंना त्या दिवशी घास गिळवेना.

शेवटी धीर करून खिडकीतून डोकावल्या. तर काय, एवढा मोठा बाप्या वीतभर विमानावर कणकेच्या वळ्यांसारखी पुट्टी चिकटवत बसलेला.

"अगं बाई! हे काय रे?"

"मिग आहे, काकू. हिरवा मारलाय. तो आता जागोजागी पुट्टीने झाकायचा नि उरलेल्यावर ह्या घुर्रर पंपाने तपकिरी फुंकायचा."

"बाळाच्या दुपट्यावरचे डाग वाटतायत मला."

"वरून बघणाऱ्याला झाडीत दिसू नये म्हणून ते. पोट निळं ठेवायचं, खालून बघितलं की आभाळात मिसळतं."

"मला बरोबर दिसेल! समोरच्या गच्चीवरची पाल दिसते मला."

"नाय दिसणार."

"दिसणार!"

तेव्हापासून जिन्यात भेटले की दोघांचं हेच. पण एवढा दणकट माणूस एका गोष्टीला घाबरायचा. त्याने एकही विमान कधी घराबाहेर नेलं नव्हतं. भोईरांचा पोरगा खेळणी रंगवतो म्हणून नाक्यावरचे मित्र हसतील ना! काकूंनीच टोचून टोचून त्याला ठाण्याच्या मॉडेलांच्या प्रदर्शनात नाव द्यायला लावलं.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी त्याने मिग कंपाउंडच्या कठड्यावर ठेवलं. ट्यूबलाइटखाली रंग खोटा दिसतो, उन्हात खरा कळतो, म्हणून शेवटचं एकदा उन्हात बघायचं. तेवढ्यात आंघोळ उरकून आला, तर कठडा रिकामा.

"काकूऽऽ!"

काकू पदर सावरत खाली धावल्या. सुदेश पायरीवर बसला होता. चेहरा पांढराफटक. या पोराला घराबाहेर काढलं कोणी? आपणच.

"कावळ्याने नेलं असेल का रे?"

"मी नाय जात ठाण्याला," एवढंच तो बोलला.

गेटपाशी बघितलं, बाइकखाली बघितलं, गटारात बघितलं. काकू धापा टाकत परत वर गेल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडल्या, "इथून सगळं दिसतंय रे! अळूच्या पानावरची गोगलगायसुद्धा दिसतेय. विमान नाहीये खाली!"

सुदेशच्या आईला, गोदूबाईंना, मात्र अळूच्या फतफत्याची घाई. त्या विळी घेऊन कठड्याखालच्या अळूच्या वाफ्यात वाकल्या आणि थबकल्या.

"सुदेश, ह्या देठांत निलां निलां काय हाय रं?"

"आई, विळी टाक! हात लावू नको!"

पानांच्या फटीत, देठांमध्ये पंख अडकवून मिग बसलं होतं. पाठ वरच्या पानांत विरघळलेली, निळं पोट तेवढं वाकलेल्या म्हातारीला दिसलं. पंखावर तांदळाचे दोन दाणे.

सुदेशने ते वर उचललं, तशी खिडकीतल्या काकूंनी कपाळावर हात मारला. रोज सकाळी तांदूळ धुतलेलं पाणी खिडकीतून अळूला ओतायचं, आजही ओतलं होतं. तेच बदाबदा कठड्यावर पडलं! त्या तशाच खाली धावल्या.

"मोडलं का रे? रंग गेला?"

सुदेशने पंख फिरवून पाहिले, शेपटी पाहिली, नखाने दाणे उडवले. "वार्निश मारलेलं. काय नाय झालं." आणि मग वर काकूंकडे बघितलं. चेहऱ्यावर रंग परत यायला लागला होता. "काकू, तुम्ही वरून बघत होतात ना?"

"जा बाबा, उशीर होईल ठाण्याला."

"दिसलं का?"

"चष्म्यावर वाफ धरलेली. कुकर लावलाय."

"गोगलगाय दिसली."

काकूंनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "नाही दिसलं," त्या पुटपुटल्या.

"जोरात बोला. आईला ऐकू नाय आलं."